गल्ल्यावर मालक नसलेलं हॉटेल

माझी नोकरी अकरा मिनिटांत गेली. २०२३चा फेब्रुवारी होता, मंगळवार, सकाळी दहाचा व्हिडिओ कॉल. स्क्रीनवरच्या चौकोनांत आम्ही चौदा जण. एचआरमधली मुलगी समोरचं लिहिलेलं वाचून दाखवत होती आणि तिचा आवाज थरथरत होता. बहुधा पुढच्या कॉलमध्ये तिचाही नंबर असावा. कॉल संपला आणि पाचव्या मिनिटाला लॅपटॉप लॉक झाला. त्यात आईच्या पन्नाशीचे फोटो होते, तेही गेले.

बंगळुरूत मी पीजीत राहायचे. दिवसभर खोलीवर बसले असते तर आंटींनी दोन दिवसांत विचारलं असतं, तिसऱ्या दिवशी सगळ्या मजल्याला कळलं असतं आणि चौथ्या दिवशी पुढच्या महिन्याच्या भाड्याची चौकशी झाली असती. म्हणून बुधवारी नेहमीच्या वेळेला बॅग पाठीला लावून मी बाहेर पडले. मेट्रोने एमजी रोडला उतरले आणि चालत राहिले. घरी काही सांगितलं नव्हतं. आईचा रात्री फोन आला तेव्हा ‘काम जास्त आहे’ म्हणाले. एका अर्थी ते खोटं नव्हतं. बेकार माणसाला फार काम असतं.

पहिल्या दिवशी मी एका चकचकीत कॅफेत बसले. कॉफी संपली तशी एक मुलगी येऊन कप उचलून गेली. मग दुसरी येऊन, आधीच पुसलेलं टेबल पुन्हा पुसून गेली. मग पहिली आली आणि हसून ‘एनीथिंग एल्स?’ म्हणाली. बिचारीचा दोष नव्हता, तिला तसंच शिकवलेलं असणार. पण त्या कॉफीच्या पैशांत माझं दोन वेळचं जेवण झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी चर्च स्ट्रीटवरच्या इंडियन कॉफी हाउसमध्ये शिरले, ते निव्वळ स्वस्त आहे म्हणून.

तुमच्यापैकी जे बंगळुरूत राहतात त्यांनी ते पाहिलं असेल. साधी टेबलं, साध्या खुर्च्या. भिंतीवर कॉफी बोर्डाच्या जुन्या जाहिराती. पांढऱ्या गणवेशातले, कमरेला पट्टा आणि डोक्याला फेटा बांधलेले वेटर. पहिल्यांदा पाहताना तो पेहराव मला खटकलाच. साहेबाच्या काळातला थाट अजून कशाला, असं वाटलं. मेनूत कटलेट, डोसा, टोस्टवर घातलेली अंडी असले जुने पदार्थ. मी एक कॉफी मागवली. कप रिकामा झाला. अर्धा तास झाला, तास झाला. कुणी काही विचारलं नाही. शेजारच्या टेबलावरचे आजोबा आख्खं वर्तमानपत्र वाचून संपवून, घडी घालून, पुन्हा पहिल्या पानापासून वाचत होते.

मी तिथे रोज जायला लागले. सकाळी साडेनऊ ते दुपारी एक. फोनवरून अर्ज भरायचे, सीव्हीतली एक ओळ इकडची तिकडे करायची. माझ्या कोपऱ्याला येणारे वेटर पन्नाशी उलटलेले होते. बंगळुरूत वेटर, रिक्षावाले, दुकानदार अशा सगळ्यांनाच अण्णा म्हणतात. माझ्या वडिलांनाही मी आण्णाच म्हणते. त्यामुळे प्रत्येक वेळी कॉफी मागवताना मला उगाच चोरी पकडल्यासारखं व्हायचं.

दुसऱ्या आठवड्यात कधीतरी एका गिऱ्हाइकाचा आवाज चढला. ऑर्डर यायला उशीर झाला होता. खरंच झाला होता. इथे गडबड हा प्रकार नाही. तो गृहस्थ म्हणाला, “मालिक को बुलाओ.” अण्णा हातातला ट्रे खाली ठेवून शांतपणे म्हणाले, “मालिक हम ही हैं, सर. बोलिए.”

त्या माणसाला ती चेष्टा वाटली. तो हसला, राग उतरला, डोसाही आला. मलाही ती चेष्टाच वाटली होती. जाताना बिल देताना मी विचारलं, तेव्हा अण्णा म्हणाले, “सोसायटी है ना, मॅडम. को-ऑपरेटिव्ह.”

*

हा शब्द ऐकला आणि माझं तोंड कडू झालं. त्याचं कारण सांगायला हवं.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावातली. आमच्याकडे सहकार हवेत असतो. साखर कारखाना सहकारी, दूधसंघ सहकारी, बँक सहकारी, सोसायटी तर गावात असतेच. शाळेत आम्हाला प्रवरानगरचा धडा पाठ होता: विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, शेतकऱ्यांनी भाग भांडवल गोळा करून उभा केलेला कारखाना. ते सगळं खरंच आहे आणि मोठंही आहे. ज्या शाळेत मी शिकले तिच्या इमारतीलाही उसाचाच पैसा लागला होता.

पण आमच्या घरात सहकार म्हणजे आण्णांची ठेव. आण्णा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर आलेल्या पैशांतले दोन लाख चाळीस हजार त्यांनी गावातल्या पतसंस्थेत ठेवले, कारण तिथे बँकेपेक्षा दोन टक्के व्याज जास्त होतं आणि चेअरमन ओळखीचा होता. ओळखीचा म्हणजे लग्नकार्यात जेवायला वाढणारा. त्याने संचालकांच्या पाहुण्यारावळ्यांना तारणाशिवाय कर्जं वाटली. एक दिवस दाराला कुलूप लागलं, मग प्रशासक आला. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. ठेव अजून तिथेच आहे, म्हणजे कागदावर.

लहानपणी मी आण्णांबरोबर त्या संस्थेच्या वार्षिक सभेला गेले होते. मंडप, खुर्च्या, चिवडा आणि चहा. सेक्रेटरी भराभर अहवाल वाचायचा आणि पुढच्या रांगेतली दहा-बारा माणसं प्रत्येक विषयाला ओरडायची, “मंजूर, मंजूर!” एक म्हातारे गृहस्थ काहीतरी विचारायला उभे राहिले, तर कुणीतरी माइकच बंद केला. आण्णाही ‘मंजूर’ म्हणाले होते. मीसुद्धा म्हणाले होते. मला तो खेळ वाटला होता.

त्यामुळे अण्णांनी ‘को-ऑपरेटिव्ह’ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे ते कुलूपच आलं. म्हटलं, आता ह्यांचा चेअरमन कोण असेल आणि त्याच्याकडे गाडी कुठली असेल?

*

त्या रात्री मी अर्ज भरायचे सोडून वाचत बसले.

ही कॉफी हाउसं मुळात कामगारांची नव्हतीच. १९३०च्या दशकातल्या मंदीत कॉफीचे भाव पडले. कूर्ग-चिकमगळूरकडची कॉफी परदेशी जायची. देशात दक्षिण सोडली तर बाकी सगळीकडे चहा. म्हणून कॉफीवर उपकर बसवून त्यातून प्रचारासाठी एक समिती नेमली आणि तिने लोकांना कॉफीची चटक लागावी म्हणून ‘इंडिया कॉफी हाउस’ सुरू केली. त्यातलं पहिलं १९३६ साली आपल्या मुंबईत, चर्चगेटला निघालं. पुढे महायुद्धात युरोपची बाजारपेठ तुटली, कॉफी बोर्ड आलं आणि चाळिशीच्या दशकात देशभर अशी पन्नासच्या आसपास ठिकाणं झाली. भिंतीवरच्या त्या जाहिराती ह्याच बोर्डाच्या.

मग स्वातंत्र्यानंतर, पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर, बोर्डाने ठरवलं की हा पसारा आता आवरायचा. दुकानं बंद, माणसं घरी. ज्यांनी वीस-वीस वर्षं कप उचलले त्यांना सांगितलं की आता तुमची गरज नाही. अकरा मिनिटांत सांगितलं की अकरा महिन्यांत, हे मला माहीत नाही. पण ते वाक्य मला ओळखीचं होतं.

त्या कामगारांमागे ए. के. गोपालन उभे राहिले. केरळातले कम्युनिस्ट पुढारी, लोकसभेतले खासदार. केरळात त्यांना नुसतं ‘एकेजी’ म्हणतात. कामगारांनीच ही कॉफी हाउसं चालवायला घ्यायची, असा हा मार्ग होता. जरा कल्पना करा. नोकरी गेलेल्या वेटरला, आचाऱ्याला, भांडी घासणाऱ्याला कुणीतरी सांगतंय की तूच आता भाग घे आणि धंदा कर. मला कुणी सांगितलं असतं की कंपनीने काढलंय ना, मग तुम्ही चौदा जणांनी मिळून कंपनीच काढा, तर मी फोन ठेवून दिला असता.

त्यांनी ठेवला नाही. १९ ऑगस्ट १९५७ रोजी कामगारांची पहिली सहकारी सोसायटी नोंदली गेली, आणि ती बंगळुरूत. म्हणजे मी रोज जिथे तोंड लपवून बसत होते त्याच शहरात. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला दिल्लीत कामगारांचं कॉफी हाउस उघडलं. १९५८ साली त्रिशूरला. मग लखनौ, जबलपूर, कलकत्ता, आणि आपल्याकडे नागपूर, मुंबई, पुणे. नावात एका अक्षराची भर पडली: ‘इंडिया’चं ‘इंडियन’ झालं. प्रत्येक भागाची सोसायटी वेगळी, स्वतंत्र. काम करणाराच सभासद, तोच मत देणार, त्यांच्यातलेच लोक कारभार बघणार. आज तेरा सोसायट्या आणि चारशेच्या आसपास कॉफी हाउसं आहेत, सगळ्यांत जास्त केरळात.

वाचता वाचता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आमच्याकडचा सहकार आणि हा सहकार, शब्द एकच असला तरी वस्तू वेगळ्या आहेत. साखर कारखान्याचा सभासद कोण? ज्याच्या शेतात ऊस आहे तो. बॉयलरवर उभा राहणारा कामगार पगारी. आणि बीडकडून उचल घेऊन येणारं, पहाटे चारला थंडीत फडात उतरणारं जोडपं? त्यांची तर कुठल्याच रजिस्टरात सभासद म्हणून ओळ नाही. पतसंस्थेत काउंटरवरची पोरं पगारी, आणि ठेवीदार ‘मंजूर’ म्हणण्यापुरता. कॉफी हाउसमध्ये मात्र कप घेऊन येतो तोच सभासद. सहकार हा शब्द ऐकला की त्याच्यापुढे ‘कुणाचा?’ हा प्रश्न लावायचा असतो, हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. धड्यात तो प्रश्न नव्हताच.

*

कॉफी हाउसबद्दल शोधायला गेलात तर तुम्हाला काय सापडेल, तर तिथे कोण कोण बसायचं ह्याच्या याद्या. कलकत्त्याच्या कॉलेज स्ट्रीटवर, जुन्या अल्बर्ट हॉलमधल्या कॉफी हाउसात कवी, सिनेमावाले, नक्षलवादी पोरं. ते १९५८ साली बंद पडलं तर प्राध्यापकांनी सरकारकडे अर्ज करून पुन्हा उघडायला लावलं. मन्ना डेंनी त्याच्यावर गायलेलं गाणं बंगाली माणसाला आजही हळवं करतं. दिल्लीला कॅनॉट प्लेसच्या कॉफी हाउसात लोहियांपासून बेकार पदवीधरांपर्यंत सगळे. आणीबाणीत, १९७६ साली, ते पाडलं गेलं. सरकारला तिथल्या गप्पा खुपत होत्या असं म्हणतात. आज त्या जागेवर जमिनीखाली पालिका बाजार आहे, आणि कॉफी हाउस मोहनसिंग प्लेसच्या गच्चीवर. तिरुवनंतपुरमला एसटी स्टँडसमोर लॉरी बेकर ह्या वास्तुरचनाकाराने बांधलेलं लाल विटांचं गोल कॉफी हाउस आहे. आत जिना नाही. शंखासारखी वळत जाणारी चढण आणि तिच्या कडेने टेबलं. मी ते नंतर एका सहलीत पाहिलं. तिथल्या कटलेटात आणि मसाला डोशात बीट असतं. सुरुवातीला विचित्र लागतं, मग आवडतं.

ह्या सगळ्या याद्या बसणाऱ्यांच्या. कप आणून देणाऱ्यांची यादी कुठेच नाही. तिथे बसून लोकांनी कामगारांच्या राज्याबद्दल तास न् तास चर्चा केल्या असतील, आणि कामगारांचं एक छोटंसं राज्य शेजारी ट्रे घेऊन उभं असेल.

मला वाटतं, त्या गप्पा आणि ती सोसायटी ह्या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. आपल्याकडेही बसायच्या जागा होत्या. इराण्याचं हॉटेल होतं, अमृततुल्य होतं. पण तिथे गल्ल्यावर मालक असायचा. त्याच्या मेहरबानीवर आपण बसायचो. मालक चांगला असला तर दोन तास, नाहीतर ‘गिऱ्हाइकं उभी आहेत’ म्हणून पाटी. त्याचंही चूक नाही, त्याला खुर्चीमागे हिशेब दिसणारच. कॉफी हाउसमध्ये मला उठवायला कुणी आलं नाही, कारण मला उठवून ज्याचा फायदा वाढेल असा एकटा माणूसच तिथे नव्हता.

पण हे लिहिताना मी स्वतःलाही थांबवते. आपण निवांत बसतो त्याचं भाडं कुणीतरी भरतंच. मी एका कॉफीवर साडेतीन तास बसायचे. त्या खुर्चीवर तेवढ्या वेळात चार गिऱ्हाइकं होऊन गेली असती. ते चार बिलांचे पैसे शेवटी अण्णांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या खिशातूनच गेले. १९९६ साली इथून हाकेच्या अंतरावर, ब्रिगेड रोडवर, कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान उघडलं आणि कॉफीचा भाव बदलला. २००९ मध्ये ह्या कॉफी हाउसला एमजी रोडवरची जुनी जागा सोडून इथे चर्च स्ट्रीटला यावं लागलं. आणखी एक. मी जितके दिवस तिथे बसले तितक्या दिवसांत वाढणाऱ्यांत मला एकही बाई दिसली नाही. सगळ्यांची संस्था म्हणताना त्या ‘सगळ्यां’त कोण येतं, हा प्रश्न इथेही आहेच. तरी गिऱ्हाईक म्हणून मी एकटी बाई रोज बसायचे आणि एकाही वेटरने मान वाकडी करून पाहिलं नाही, हेही लिहून ठेवते.

*

मार्चच्या शेवटी आण्णा अचानक आले. डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या एका मित्राला भेटायचं निमित्त होतं. पहाटे बसमधून उतरले, हातात पिशवी, पिशवीत आईने दिलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या. पीजीत पुरुषांना प्रवेश नाही. मी म्हटलं, “चला, नाष्टा करू.” आणि पाय सवयीने चर्च स्ट्रीटला वळले.

फेटेवाला वेटर पाहून आण्णा बिचकले. हळूच म्हणाले, “महाग असंल गं हे.” मी मेनू दाखवला. त्यांनी पहिल्यांदा पदार्थ वाचलेच नाहीत, नुसते आकडे वाचले आणि मग खुर्चीला टेकले.

अण्णांनी मला पाहिल्यावर न विचारता कॉफी आणली. आण्णांच्या नजरेतून ते सुटलं नाही. मी घाईघाईने विषय बदलला. म्हटलं, “आण्णा, हे हॉटेल ह्या वेटर लोकांचंच आहे. सहकारी सोसायटी आहे.”

आण्णांच्या कपाळावर आठी पडली. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग अण्णा बशी उचलायला आले तेव्हा एसटीतल्या हिंदीत त्यांनी चौकशी सुरू केली. “आपको मत का अधिकार है?” है, म्हणाले. “सभा में कौन बोलता है?” “सब बोलते हैं. बहुत झगडा होता है.” झगडा म्हटल्यावर आण्णांचा चेहरा उजळला. “माइक बंद नहीं करते?” अण्णांना तो प्रश्न कळला नाही. म्हणाले, “माइक किसलिए? इतने तो लोग हैं.”

आण्णा हसले. पतसंस्थेच्या विषयावर त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मग त्यांनी टेबलावरचा कप बाजूला सरकवला आणि मराठीत, माझ्याकडे न बघता म्हणाले, “आज बुधवार हाय. तुझं हापिस कधीपासून बंद हाय?”

माझ्याने खोटं बोलवेना. म्हटलं, “दीड महिना झाला.”

“व्हय.” एवढंच म्हणाले. बराच वेळ खिडकीकडे बघत बसले. मग म्हणाले, “संस्था बुडाली ते मला आधी कळलं हुतं. कुलूप लागायच्या आधी. तुझ्या आईला मी आठ महिनं सांगितलं न्हाई. रोज डेपोतल्या जुन्या दोस्ताकडं जाऊन बसायचो. पैसं गेलं त्याचं दुःख हुतंच, पण तोंड लपवण्यात जास्त वय गेलं बघ.”

मला त्या आठ महिन्यांतले आण्णा आठवले. आम्हाला वाटायचं, निवृत्तीनंतर गप्पांचा नाद लागलाय. आई चिडायचीसुद्धा.

तिथून आण्णांनीच आईला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मी रडले, आई ओरडली, मग आई रडली. बाजूने दोन वेटर गेले, पण टेबलाशी कुणी थांबलं नाही. बिल मी मागितलं तरच येणार होतं.

*

जूनमध्ये मला दुसरी नोकरी लागली, आधीपेक्षा कमी पगाराची. ही कंपनी मला कधीही अकरा मिनिटांत काढू शकते, हे आता मला माहीत आहे. पूर्वी ते माहीत नव्हतं, एवढाच फरक. आम्ही चौदा जणांनी मिळून काही सुरू केलं नाही. पण आमचा एक ग्रुप आहे, त्यात कुणाची नोकरी गेली की ते त्याच दिवशी सांगायचं, असा नियम केला आहे. त्यावरून भांडणंही होतात.

रविवारी मी अजून चर्च स्ट्रीटला जाते. आता कॉफीबरोबर कटलेटही मागवते आणि गर्दी असेल तर तासाभरात उठते. उठायला कुणीच सांगत नाही, म्हणून ते आपणच ठरवायचं असतं. मागच्या खेपेला अण्णांनी विचारलं, “पिताजी कैसे हैं?” मी म्हटलं, बरे आहेत. आण्णा पतसंस्थेच्या ठेवीदारांच्या समितीत आहेत, दर महिन्याला तालुक्याला जातात. पैसे अजून मिळालेले नाहीत. सभेत मात्र आता ते उभे राहून बोलतात.